पी.पी. कांबळे

गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिल्यावर बायडाबाईला पहिल्यांदा कळलं, की आपल्या हातात टेलिफोन आहे. सबंध टेलिफोन. रिसीव्हर, त्याची वेटोळ्यांची वायर, धुरानं कळकटलेला डबा, आणि डब्यातून निघून पार पायाशी लोंबणारी दुसरी वायर, भिंतीतून उपटलेली, टोकाला चुन्याचा पोपडा घेऊन आलेली. मागं घर पेटलेलं होतं. मार्चातली दुपार, अडीचचा सुमार, शाहूपुरीतली निम्मी दुकानं जेवणासाठी मिटलेली. आणि सोप्यातल्या मीटरच्या पेटीतून निघालेली आग माळ्यावरच्या वाकळांना लागून कौलांच्या फटीफटींतून धूर काढत होती. माणसं बादल्या घेऊन धावत होती. बंबाला कळवा, बंबाला कळवा, असा गिल्ला चालला होता. त्या सगळ्यात हंबीरराव, कंडक्टरकीतून रिटायर झालेले आणि मयतीतसुद्धा गप्प न बसणारे, तिच्या हाताकडं बघून थबकले आणि म्हणाले, "वैनी, फोन आणलासा व्हय! मग लावा की बंबाला!" दोघं-तिघं हसले आणि बादल्या घेऊन पुढं गेले.

हसले ते काही वाईट बुद्धीनं नव्हे. दुसऱ्या कुणाचं घर असतं आणि दुसरी कुणी बाई असा तुटका फोन पोटाशी धरून उभी राहिली असती, तर बायडाबाईही तोंडाला पदर लावून हसली असती. पण आता तिला ते झोंबलं, कारण उत्तर तिच्यापाशी नव्हतं. काय म्हणून आणला फोन? आत जायला एकदाच मिळालं होतं. परसात गहू निवडत बसली होती, चटचट आवाज आला, ती पुढं आली, जाळ पाहिला आणि तशीच बाहेर पळाली. आणि दारात पोचल्यावर, अजून एक खेप जमेल असं वाटून, पदर नाकाला लावून पुन्हा आत शिरली. डाव्या हाताला पत्र्याची पेटी होती. पेटीत बोरमाळ, कुड्या, नवऱ्याच्या, केरबाच्या, नोकरीचे कागद. समोर भिंतीवर लेकीचा, संघप्रियाचा, पदवीचा काळा झगा घातलेला फोटो. लेक कॉलेजात होती तेव्हा असले खेळ काढायची: आई, घराला आग लागली आणि एकच वस्तू आणता आली, तर काय आणशील? केरबानं पेपरातून मान वर न काढता "सर्व्हिस बुक" म्हणून सांगितलं होतं. बायडाबाई म्हणाली होती, "तुजा फोटो." लेक म्हणाली, "मी जिती हाय की, फोटो कशाला?" मग तिनं पेटी म्हणून सांगितलं आणि प्रश्न कायमचा मिटला असं धरून चालली होती. आज परीक्षा झाली. पेटी नाही, फोटो नाही; हात उजवीकडं गेला, कोनाड्यातल्या फोनला धरून त्यानं हिसडा मारला, वायर येईना म्हणून भिंतीला पाय लावून दुसरा हिसडा मारला. भिंतीला पाय लावलेला तिला स्वच्छ आठवत होता. म्हणजे भीतीनं मिळेल ते उचललं असंही म्हणायची सोय नव्हती.

घर गेल्याचं दुःख अजून तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ते मागाहून येणार होतं. आत्ता तिच्या डोक्यात भणभणत होती ती दुसरीच गोष्ट: आता टेकायचं कुठं? संध्याकाळी चूल कुणाची, अंथरूण कुणाचं? नातेवाईक शिरोळकडं, लेक नागपुरात बँकेत. जवळ काय ते ही गल्ली. आणि तेरा वर्षं राहून या गल्लीतल्या एकाही घरात बायडाबाई उंबऱ्याच्या आत गेलेली नव्हती.

यात भांडण कसलंच नव्हतं. नव्वद साली केरबाची पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात बदली झाली, फंडातून पैसे काढून त्यानं हे कौलारू घर घेतलं, आणि सामान उतरत असतानाच शेजाऱ्यांनी, पावणं कुठलं, असं विचारलं. शिरोळकडचे म्हटल्यावर सगळे खूश झाले. मग आडनाव विचारलं. कांबळे म्हटल्यावर चेहऱ्यांवर काहीच बदललं नाही, लोक चांगले होते. फक्त पुढं आलेली पावलं जिथल्या तिथं राहिली. पुढं चार वर्षं सगळं होत राहिलं, पण उंबऱ्यापर्यंत. संक्रांतीचा तिळगूळ उंबऱ्यावर, लग्नाचे लाडू उंबऱ्यावर, दुखलं-खुपलं तर विचारपूस उंबऱ्यावर. हळदी-कुंकवाला बोलवत नसत, आणि त्याचं कारणही किती समजूतदार असायचं: "तुमच्यात चालत न्हाय की, म्हणून म्हटलं उगंच कशाला अडचणीत टाका." खरंच चालत नव्हतं. बुद्धाच्या घरात हळदी-कुंकू कुठलं? त्यामुळं रागवायलाही जागा नव्हती. बायडाबाईला वाटायचं, एकदा कुणी वंगाळ बोलावं, तोंडावर बोलावं, म्हणजे आपल्यालाही तोंड उघडता येईल. पण बोललं कुणीच नाही.

आणि चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात फोन आला. नंबर लावून चार वर्षं झाली होती. केरबा अर्ज केल्याचंही विसरला होता. लाइनमन वायर ओढत गल्लीत शिरला तेव्हा सगळी गल्ली दारात उभी. गल्लीतला पहिला फोन आणि तो कांबळ्यांच्यात. केरबानं पेढे वाटले. पेढे दुकानातले होते, त्यामुळं सगळ्यांनी खाल्ले. तीनच दिवसांनी हंबीरराव दारात येऊन खाकरले. "न्हवं, तुमचा नंबर आमच्या जावयाला दिला तर चालंल का? अडीनडीला." केरबा म्हणाला, चालेल की. मग समोरच्या बनाबाईचा मुलगा अमरसिंह लष्करात भरती झाला, त्यानं नंबर नेला. मग कुणाचा भाऊ, कुणाचा व्याही, कुणाच्या पोरीचं कॉलेज. नोकरीच्या अर्जावर, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, म्हशीच्या विम्यावर सगळीकडं तो नंबर, आणि पुढं कंसात पी.पी. कांबळे. पी.पी. म्हणजे नेमकं काय ते गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजाऱ्याचा फोन, एवढं समजलेलं पुरे होतं. पंच्याण्णवला हंबीररावांनी धाकट्या मुलीचं लग्न काढलं. पत्रिकेवर वर गणपती, खाली शहाण्णव कुळी नावं, एकाखाली एक, आणि अगदी तळाला फोनपुढं कंसात: पी.पी. कांबळे. केरबानं ती पत्रिका वर्षभर खिळ्याला टोचून ठेवली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला तो नवरा-नवरीची नावं न दाखवता तळाचा कंस दाखवायचा आणि गालात हसायचा. बायडाबाईला हसू यायचं नाही. तिला आपलं एकच दिसायचं, की कंसात का होईना, आपण त्यांच्या मांडवात गेलो.

आणि माणसं घरात आली, हे तर खरंच. फोन कोनाड्यात, कोनाडा सोप्यात; बाहेरून हात पुरणार नव्हता. पहिल्यांदा हंबीरराव आले ते उंबऱ्यावर किंचित अडखळले, पण तिकडं पुण्यात जावयाचं एसटीडीचं मीटर पळत होतं. मीटर पळत असलं की माणूस उंबरा बघत नाही. मग सवय झाली. कुणाचा फोन दहा मिनिटांनी परत येणार असला की खुर्चीवर बसणं आलं, बसलं की पाणी आलं, पाण्यानंतर उन्हाळा-पावसाचं बोलणं आलं. धाव मात्र बायडाबाईची. घंटी वाजली की तव्यावरची भाकरी खाली, गॅस बारीक, आणि अनवाणी बाहेर. एसटीडी म्हणजे सेकंदाला पैसे. चालत जाऊन भागत नव्हतं. दारात उभं राहून हाक मारायची, "बनाक्काऽ, अमरचा फोन!" आतून उत्तर यायचं, "आलो, आलो!" आणि ती माघारी पळत येऊन रिसीव्हरमध्ये सांगायची, आल्या बगा, धरा हां, ठेवू नगा. पहाटे, भरदुपारी, जेवताना, तापात. एकदा गुडघा सुजलेला असताना ती भिंत धरत धरत गेली होती आणि एका पोराची नोकरी त्या फोननं लागली होती. गल्लीतले सगळे उंबरे तिला पाठ होते. कुणाची चौकट हिरवी, कुणाच्या दारात कोथिंबिरीची कुंडी, कुणाच्यात आमटीला लसूण जास्त. आतलं काही ठाऊक नव्हतं. आत काय आहे याची तिनं मनात चित्रं केलेली होती. बनाबाईच्या स्वयंपाकघराला तिनं मनातल्या मनात संगमरवरी फरशी घालून ठेवली होती, कशावरून कोण जाणे.

बंब आला. गल्लीत शिरेना, म्हणून तिकटीवर थांबून पाइप ओढत आणले. पाण्याचा पहिला लोट कौलांवर बसला तेव्हा कौलं फुटल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजासरशी बायडाबाईला आपलं घर गेल्याचं एकदम जाणवलं. फोन घट्ट धरून तिनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं घर जसंच्या तसं होतं, आणि कोनाड्याखाली, भिंतीला टेकून, बनाबाई बसलेली होती. ते नव्याण्णवचं साल. कारगिलचं चालू होतं आणि अमरसिंहाचा एकोणीस दिवस पत्ता नव्हता. चौदाव्या दिवशी बनाबाई येऊन चौकटीत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसली. तिसऱ्या दिवशी खुर्चीवरून घसरून जमिनीवर, भिंतीला पाठ लावून, आणि मग उठलीच नाही. बायडाबाईनं ताट पुढं केलं, भाकरी आणि मुगाची आमटी. बनाबाईनं ताटाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि खाल्लं. चार दिवस खाल्लं. फोन आला तेव्हा तिला बोलता येईना. बायडाबाईनं रिसीव्हर तिच्या कानाला धरला, आणि पलीकडून तो पोरगा "आई, बरा हाय मी, आई" असं ओरडत असताना दोघी एकमेकींना धरून मोठ्यानं रडल्या. बायडाबाईला तेव्हा वाटलं होतं, संपलं. काय संपलं ते तिनं स्वतःलाही सांगितलं नाही, पण वाटलं संपलं. ऑक्टोबरात बनाबाईनं स्वतःच्या घरी फोन घेतला. पाठोपाठ हंबीररावांनी. मग सगळ्यांनीच. कुणी मुद्दाम यायचं थांबलं नाही. काम उरलं नाही एवढंच. कंसातलं नाव पत्रिकांवरून गेलं. आता रविवारी लेकीचा फोन यायचा, बाकी दिवस तो डबा गप्प. बायडाबाई रोज सकाळी फडकं मारताना रिसीव्हर कानाला लावून बघायची, आत आवाज आहे का. आवाज असायचा. मग ती ठेवून द्यायची.

"बायडा!" केरबा लूना टाकून धावत आला होता. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि शर्टाचं एक टोक विजारीतून निसटून लोंबत होतं. "तू बरी हायस न्हवं?" तिनं मान हलवली. त्यानं तिचे दोन्ही दंड चाचपून पाहिले, मोडलं-बिडलं नाही याची खात्री केली, आणि मग त्याला फोन दिसला. "आनि ह्ये काय?"

"आणला."

"सर्व्हिस बुक?"

"न्हाय."

केरबानं घराकडं पाहिलं. मग अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं तो म्हणाला, "आगं, ह्ये फोनच्या खात्याचं असतंय. अर्ज केला की दुसरा फुकट देत्यात. ऱ्हाऊ दे. तू भाईर आलीस, झालं." आणि तो पाइपवाल्या माणसांकडं गेला.

त्याच्या त्या हळू बोलण्यानं तिला भडभडून आलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. आणि त्याच वेळी, इतका वेळ न सापडलेलं उत्तर तिच्या पुढ्यात येऊन उभं राहिलं, आणि ते लाजिरवाणं होतं. हाताला माहीत होतं. हा डबा होता म्हणून गल्ली आपल्या घरात आली, आणि हा नसला तर आपण पुन्हा नव्वद सालातल्या कांबळीणबाई, हे तिच्या हाताला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो सोनं सोडून, लेकीचा फोटो सोडून, भिंतीला पाय देऊन याला उपटून घेऊन आला. बुडणाऱ्यानं ओंडका धरावा तशी ती या डबड्याला धरून बसली होती, वाजत नव्हतं तरीही. म्हणजे पाच वर्षं लोक फोनकडं आले, आपल्याकडं कुणी आलंच नाही. तिला स्वतःची कीव आली आणि तिला स्वतःची कीव आलेली मुळीच खपत नसे.

तेवढ्यात बनाबाई आली. तिचेही डोळे धुरानं लाल झालेले, चार बादल्या तिनंही ओतल्या होत्या. तिनं बायडाबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "चल गं. हुबी ऱ्हाऊन काय करतीस? आमच्या कट्ट्यावर बस जरा. वारं लागंल. मी च्या आणतो."

माया खरी होती; हाताचा दाब खरा होता. पण कट्टा. बायडाबाईला एकदम दिसलं, की या गल्लीत प्रत्येक घराला कट्टा आहे आणि प्रत्येक कट्ट्यावर वारं सुटतं, आणि तेरा वर्षांत जेव्हा जेव्हा कुणी तिला बस म्हणालं तेव्हा वाऱ्याचं कौतुक करूनच म्हणालं. आत उकडतंय, हितं कसं गार. थंडीतसुद्धा. किती वारं खाल्लं आपण! आणि आता घर जळाल्यावर, अंगात धग असताना, पुन्हा तेच वारं. उद्या गल्ली वर्गणी काढेल, भांडी देईल, जुनी लुगडी देईल, सगळं कट्ट्यावर आणून देईल. आणि ती, नेहमीसारखी, कुठं रागवायचं ते न कळून, घेईल.

तिनं हातातल्या फोनकडं पाहिलं. आणि का कोण जाणे, हंबीररावांच्या बोलण्यावर मघाशी लोकांना आलं तसलंच हसू तिलाही आलं. काय होतं हे? एक डबा. वाजायचा, एवढंच त्याचं काम. वाजून गप्प बसायचा. हा कधी कोनाड्यातून उतरून कुणाच्या दारात गेला होता? सुजलेल्या गुडघ्यानं भिंत धरत हा गेला होता? एकोणीस दिवसांनी पोराचा आवाज ऐकून गळाठलेल्या बाईच्या कानाला यानं स्वतःला धरलं होतं? कंसातलं नाव केरबाचं होतं, यंत्र खात्याचं होतं, पण धावली होती ती. लोकांना निरोप मिळाले, नोकऱ्या मिळाल्या, पोरं जिती असल्याचं कळलं, ते तिच्या पायांनी. आणि पाय तर इथंच होते. राख लागलेले, अनवाणी, दोन्ही शाबूत. जळालं त्यातलं ते नव्हतंच. हे कळल्यावर तिच्या छातीत असं काही उसळलं, की घर समोर धुमसत असताना असं वाटणं बरं नव्हे हे ठाऊक असूनही ते तिला दाबता येईना. आनंदच होता तो, दुसरं नाव नाही.

"हंबीरराव, हे धरा जरा," म्हणून तिनं टेलिफोन त्यांच्या हातात दिला. ते वायर गोळा करीत बघतच राहिले. मग ती गल्ली ओलांडून बनाबाईच्या दाराकडं निघाली. कट्टा आला. तिनं कट्ट्याकडं पाहिलंही नाही. तीन पायऱ्या चढून ती उंबऱ्यापाशी आली, आणि सवयीनं पाऊल थांबू पाहत होतं त्याला तिनं थांबू दिलं नाही.

"अगं, कट्ट्यावर—" मागून बनाबाई म्हणाली.

"कट्ट्यावर न्हाय बसत. आत बसतो."

सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर. धुतलेल्या फरशीवर तिची काळी पावलं एकामागं एक उमटत गेली. मागं बनाबाईच्या बांगड्यांचा आवाज येत होता, घाईचा, मग थांबलेला. स्वयंपाकघराच्या मध्यभागी येऊन बायडाबाईनं चौफेर पाहिलं. शहाबादी फरशी. भिंतीला स्टीलची मांडणी, तिच्यावर पाच सारखे डबे, तिच्या घरी होते तसलेच. दोन बर्नरचा गॅस, खालचा रबरी पाइप चिंधीनं बांधलेला. कोपऱ्यात देव. वर एक बल्ब, त्यावर कोळ्याचं जाळं. एवढंच? तेरा वर्षं राखून ठेवलं ते हे एवढं? तिला बनाबाईची दया आली, आणि ती जमिनीवर, ऐन मधोमध, मांडी घालून बसली.

बनाबाई दारात उभी होती. तिची नजर देवांकडं गेली, फरशीवरच्या पावलांकडं गेली, पुन्हा बायडाबाईवर आली. बायडाबाई वाट बघत नव्हती. तिनं विचारलंच नव्हतं, मग वाट कसली बघायची?

"बनाक्का," ती म्हणाली, "च्या हितंच पितो. आनि घर हुबं ऱ्हाईस्तोवर आमी दोघं हितं तुमच्यात ऱ्हाणार. सोप्यात न्हाय. आत."

बाहेर बंबाच्या माणसांचा गलका चालला होता. बनाबाईनं खाली पाहिलं, पदरानं डोळे पुसले, पुन्हा पुसले. मग ती आत आली, चहाचं पातेलं काढलं, ते लहान वाटून परत ठेवलं आणि मोठं काढलं. पाठमोरीच, जरा चिडल्यासारख्या आवाजात ती म्हणाली, "ऱ्हावा की. न्हाय कोण म्हणतंय? पण एक सांग, तुजा नवरा घोरतोय का? आमच्या ह्यास्नी आवाज अजिबात खपत न्हाय."

"घोरत्यात," बायडाबाई ताठ बसून म्हणाली. "लई घोरत्यात."